उभा केलेला बंगला

बेळगावच्या कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यात माझं लहानपणापासून येणं-जाणं आहे. तिथल्या दिवाणखान्याच्या भिंतीत, अगदी वर, एक गोल भोक आहे. पेरूएवढं. हल्ली त्यातून इंटरनेटची केबल आत येते, त्यामुळे घरातल्या मुलांची ठाम समजूत आहे की ते केबलवाल्यानंच पाडलं. मुलांचं कशाला, चाळिशी उलटेपर्यंत मलाही त्याचा उलगडा झाला नव्हता. एकदा रंगकाम निघालं, शिडी लावलेली होती म्हणून वर चढून पाहिलं. भोकात लाकडी नळी बसवलेली आणि नळीच्या खालच्या कडेला बोटभर खोल खाच. लाकडाला अशी खाच पडायला दोरी लागते, आणि ती वर्षानुवर्षं घासावी लागते.

ती पंख्याची दोरी होती. वीज येण्याआधी साहेबाच्या घरात छताला एक लांब फळी आडवी टांगत, तिला कापडाची झालर लावत आणि फळीला बांधलेली दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात काढत. व्हरांड्यात एक माणूस बसून ती दोरी ओढायचा. हात भरून आले की पायाच्या अंगठ्याला गुंडाळायचा. आत वारा, बाहेर माणूस. जुन्या घरांच्या ऐटीबद्दल कुणी बोलायला लागलं की मला आधी ते भोक आठवतं, आणि मग बाकीचं घर.

बाकीचं घर मात्र खरोखरच पाहण्यासारखं आहे. मे महिन्यातल्या दुपारी खानापूर रोडवरून तापून आलेला माणूस त्या व्हरांड्याच्या पायऱ्या चढला की आपोआप हळू चालायला लागतो. जोतं दोन-अडीच फूट उंच. भिंती हातभर जाड, जांभ्याच्या, चुन्यात बांधलेल्या. तीन बाजूंना व्हरांडा, पुढे गाडी उभी राहावी म्हणून पोर्च. मधल्या खोल्या एकमेकींत उघडणाऱ्या, आणि दारं अशी समोरासमोर की पुढच्या दारात उभं राहिलं तर मागच्या अंगणातलं फणसाचं झाड दिसावं. वर लाकडी तक्तपोशी, तिच्यावर कौलं. स्वयंपाकघर मुख्य घराला चिकटलेलं नाहीच, ते मागे वेगळं. त्याच्याही मागे नोकरांच्या खोल्यांची रांग, जिला कॅम्पात अजून ‘आउटहाऊस’ म्हणतात. न्हाणीघराला दोन दारं, एक झोपायच्या खोलीत उघडणारं आणि दुसरं सरळ बाहेर. या दुसऱ्या दाराकडे मी नंतर परत येणार आहे.

बंगला हा शब्द बंगालचा. तिथल्या उतरत्या छपराच्या, ओसरी असलेल्या झोपडीवरून गोऱ्यांनी तो उचलला, तिच्या अंगात चुना-दगड भरला आणि साऱ्या हिंदुस्थानभर छावण्यांमधून पेरला. आमच्याकडे तो आला तो पेशवाई बुडाल्यावर. एप्रिल 1818 मध्ये थॉमस मन्रोनं बेळगावचा किल्ला घेतला, आणि 1832 च्या सुमारास किल्ल्याबाहेर कँटोन्मेंट उभं राहिलं. तेच आमचं कॅम्प. तेव्हापासून बेळगावात दोन गावं नांदतात. एक गल्ल्यांचं: खडे बाजार, गणपत गल्ली, रिसालदार गल्ली. तिथे घराला घर टेकलेलं, दोन शेजाऱ्यांत एक भिंत, आणि एकाच्या फोडणीला दुसऱ्याला ठसका. दुसरं गाव कॅम्पाचं, जिथे शेजाऱ्याला हाक मारायची तर आधी आपल्या कंपाउंडच्या फाटकापर्यंत चालावं लागतं.

एवढं अंतर का ठेवलं? ऐश म्हणून, असं आपल्याला वाटतं. खरं कारण भीती हे आहे. त्या काळच्या वैद्यकाची खात्री होती की हिवताप, पटकी, आमांश हे सगळे रोग कुजक्या, कोंदट हवेतून होतात. 1857 नंतर इथली गोरी फौज वाढली आणि इंग्लंडात हिशेब निघाला, तेव्हा लढाईपेक्षा रोगानंच जास्त शिपाई जातात हे दिसलं. 1863 साली आलेल्या शाही आयोगाच्या अहवालात आकडा होता दर वर्षी हजारी 69 मृत्यूंचा. त्या अहवालामागे फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा मोठा हात होता. त्यानंतर छावण्यांचे कायदे झाले, बराकी उंच झाल्या, माणशी किती हवा हवी याचा हिशेब घनफुटांत होऊ लागला. बंगल्यांनाही तोच न्याय: उंच छत, सताड खिडक्या, चहूकडे मोकळं रान. पुढे 1897 मध्ये रोनाल्ड रॉसनं सिकंदराबादेत डास फाडून पाहिला आणि हिवतापाचा हवेशी काही संबंध नाही हे कळलं. पण तोवर घरं बांधून झाली होती. निदान चुकलं, औषध लागू पडलं, असा हा प्रकार.

औषध लागू का पडतं, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण उंच छताबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. नुसतं छत वर नेलं म्हणून खोली गार होत नाही. गरम हवा हलकी, ती वर जाते हे खरं. पण वर गेल्यावर तिला बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर ती तिथेच साचून हळूहळू खाली उतरते. म्हणून या बंगल्यांत छताखाली झरोके असतात, दोरीनं उघडायचे. वरून गरम हवा निघाली की खालच्या दारांतून गार हवा आपोआप ओढली जाते. जाड भिंतीचं काम वेगळं. तिला दुपारी लागलेलं ऊन आतल्या अंगाला पोचेपर्यंत रात्र होते, आणि रात्री बाहेर गारवा असतोच. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटरवर आहे. आणि व्हरांडा तर ऊन भिंतीपर्यंत येऊच देत नाही. तिन्ही मिळून काम करतात. व्हरांडा बंद करून तिथे खोली काढली, झरोके बुजवले आणि मग ‘पूर्वीसारखं गार राहत नाही हो’ म्हणून हळहळणारे लोक मी कॅम्पात पाहिले आहेत.

आता दुसरी बाजू. याच घरात जुलैत राहून पाहा. पश्चिमेकडून झोडपणारा पाऊस, चार-चार दिवस सूर्य नाही, कपाटातल्या चपलांवर बुरशी, पुस्तकांना वास, मिठाच्या बरणीत पाणी. उन्हाळ्यासाठी आखलेलं घर पावसाळ्यात कुडकुडतं. तरी कौलांनी पुष्कळ सावरलं. पूर्वी देशी नळीची कौलं असत. वाऱ्यानं आणि माकडांनी ती हलायची, दर वर्षी मृगाआधी घर शाकारावं लागायचं. 1865 मध्ये बासेल मिशननं मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि यंत्रावर दाबलेली, एकमेकांत खाचेनं अडकणारी सपाट कौलं बाजारात आली. वजनाला हलकी, वाऱ्याला न उडणारी. आमच्या खानापूरची मातीही कौलांना आणि भांड्यांना नामांकित. पुढे तिथे कुंभारकामाची केंद्रीय संस्थाच निघाली. त्यामुळे कॅम्पातल्या छपरांना दुरून माल आणावा लागला नाही, आणि डागडुजीची कौलं हाताशी राहिली.

असलं घर आतून पाहायची हौस असेल आणि कॅम्पात कुणी ओळखीचं नसेल, तर किल्ल्यात जावं. वनाधिकारी हरिपद मित्र यांचं तिथलं घर रामकृष्ण मिशननं जपून ठेवलं आहे. 1892 च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावला आले, ते आधी रिसालदार गल्लीत भाट्यांकडे उतरले आणि मग मित्रांकडे किल्ल्यात राहायला गेले. म्हणजे स्वामीजींनी आमची दोन्ही गावं आतून पाहिली, आधी गल्लीतला वाडा आणि मग बंगला. दोन्ही स्मारकं एकाच सकाळी बघून होतात. घरांचा फरक कळायला याहून सोपा धडा मला माहीत नाही.

हे बंगले इतकी वर्षं टिकले कसे, हा प्रश्न मात्र बांधकामाचा नाही, कागदाचा आहे. छावणीत लष्करानं जमीन दिली ती मालकीहक्कानं नव्हे. घर तुमचं, जमीन सरकारची. सरकारला हवी तेव्हा घराची किंमत देऊन जमीन परत घेता येईल, अशी अट. कॅम्पात या जुन्या कारभाराला ‘ओल्ड ग्रँट’ म्हणतात, आणि हे दोन शब्द उच्चारताना म्हाताऱ्या माणसांचा चेहरा जरा आंबट होतो. भरीला 1923 चा घरांबाबतचा कायदा होता. लष्करी अधिकाऱ्याला घर लागलं तर मालकाला ते भाड्यानं द्यावं लागे. जमीन आपली नाही, मजला चढवायला परवानगी नाही, विकायचं तर शंभर सह्या. टिळकवाडीत जुनी घरं पाडून अपार्टमेंट उठत होती तेव्हा कॅम्पातल्या मालकांनी नशिबाला बोल लावले. आणि त्याच अडचणीमुळे हाय स्ट्रीटपासून पाच मिनिटांवर आजही दीडशे वर्षांची घरं आपल्या झाडांसकट उभी आहेत. वारसा जपायचा असं ठरवून इथे कुणी काही जपलेलं नाही. पाडता आलं नाही म्हणून राहिलं. आता छावण्यांचा नागरी भाग वेगळा काढून शेजारच्या नगरपालिकांत मिसळायचं केंद्राचं धोरण आहे, आणि 2023 मध्ये हिमाचलातल्या योलपासून त्याची सुरुवात झाली. ही गाठ आमच्याकडे सुटली की काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको.

मुंबईत मात्र हाच बंगला उभा राहिला. अक्षरशः उभा. आमच्याकडे तो जमिनीवर आडवा पसरला होता, तिथे एकावर एक पाच रचले. पहिल्यांदा ओव्हल मैदानाच्या पश्चिमेच्या इमारती पाहिल्या तेव्हा मला त्या परक्या वाटल्याच नाहीत, आणि कारण कळायला थोडा वेळ लागला. गोल कोपरे, जहाजासारखे कठडे, वळणदार अक्षरांतली नावं हे सगळं नवं होतं. पण आत गेल्यावर खोल्यांची मांडणी ओळखीची निघाली. समोरासमोर दारं, पुढे व्हरांड्याच्या जागी बाल्कनी, मागे स्वयंपाकघर आणि नोकरांची सोय.

या इमारती ज्या जमिनीवर आहेत ती जमीन मुळी नव्हतीच, तिथे समुद्र होता. बॅकबेची भरणी करायचा पहिला डाव 1860 च्या दशकातला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरचं वेड लागलं, आणि 1865 मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं, कंपन्या आणि त्यांच्याबरोबर भरणीची स्वप्नं. दुसरा डाव 1920 च्या दशकात गव्हर्नर लॉइडनं मांडला. त्यातही खर्च आणि घोटाळे इतके झाले की लोक त्याला लॉइडचा खुळेपणा म्हणू लागले. हे घोटाळे चव्हाट्यावर आणणारे वकील म्हणजे खुर्शेद नरिमन. पुढे त्याच बॅकबेतल्या भरणीच्या टोकाला त्यांचं नाव दिलं गेलं: नरिमन पॉइंट. मुंबईला विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणतं?

जमीन तयार झाली ती मंदीच्या काळात. सोनं-कापसातला पैसा गुंतवायला व्यापाऱ्यांना जागा हवी होती आणि भाड्याच्या इमारतीइतकी खात्रीची गुंतवणूक दुसरी नव्हती. पारशी, गुजराती, मुसलमान, मारवाडी मालकांनी भूखंड भाडेपट्ट्यानं घेतले. अट अशी की उंची एकसारखी, समोरची रेष एकसारखी. म्हणून मरीन ड्राइव्हवर आजही इमारती शाळेच्या कवायतीसारख्या रांगेत दिसतात. 1936 मध्ये दहा सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी निघाली. सिमेंट देशातच पुरेसं होऊ लागलं होतं आणि ते खपवायची निकड होती. 1937 मध्ये वास्तुशिल्पींच्या संस्थेनं टाउन हॉलमध्ये आदर्श घराचं प्रदर्शन भरवलं. नवं स्वयंपाकघर कसं, न्हाणीघर कसं, फर्निचर कोणतं, हे बघायला शहर लोटलं. फरश्यासुद्धा स्वदेशी निघाल्या. स्वदेशीच्या प्रेरणेनं सिधवा बंधूंनी 1922 मध्ये भारत टाइल्स काढल्या होत्या, आणि त्यांच्या नक्षीदार सिमेंट फरश्या या घरांतून घातल्या गेल्या. विलायती थाटाच्या घरात पायाखाली स्वदेशी, अशी ही गंमत.

या शैलीला आज आपण आर्ट डेको म्हणतो. तेव्हा कुणी म्हणत नव्हतं. 1925 च्या पॅरिसच्या प्रदर्शनातून ती जगभर पसरली, पण ‘आर्ट डेको’ हे नाव रूढ झालं ते 1968 मध्ये बेव्हिस हिलियर यांच्या पुस्तकानं. त्यावेळचे मालक आपलं ‘मॉडर्न’ म्हणायचे. उगवत्या सूर्याची किरणं, थिजलेलं कारंजं, पायऱ्यापायऱ्यांनी वर जाणारा माथा, जहाजावर असते तशी गोल खिडकी. जहाज तेव्हा आधुनिकतेची खूण होतं, आणि मुंबई जहाजांचंच शहर. आडवे काँक्रीटचे छज्जे मात्र नुसते शोभेचे नव्हते. खिडकीवर भुवईसारखा पुढे आलेला छज्जा ऊन अडवतो, पावसाची सर अडवतो, आणि खिडकी पावसातही उघडी ठेवता येते. आमच्या व्हरांड्याचं काम त्या भुवईनं आणि बाल्कनीनं वाटून घेतलं. दगडात हे जमलं नसतं. दगडाची पुढे काढलेली बाल्कनी घोड्यांवर, म्हणजे खालच्या टेकूंवर पेलावी लागते. काँक्रीटमध्ये लोखंडाची सळई ताण घेते आणि बाल्कनी कशावरही न टेकता हवेत पुढे येते.

मराठी वाचकानं लक्षात ठेवावं असं एक नाव यात आहे: गजानन बाबुराव म्हात्रे. जन्म 1902, मृत्यू 1973. जे. जे. मध्ये शिकलेला, लंडनला जाऊन आलेला हा माणूस मुंबईच्या त्या दशकाचा खरा शिल्पकार. मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावर 1937 ची ‘सूना महल’ त्यांचीच. दोन रस्ते भेटतात तिथे इमारत गोल वळते आणि वळणावर मनोऱ्यासारखी उठते. कोपरा वाया न घालवता त्यालाच इमारतीचा चेहरा करण्याची ही युक्ती. कूपरेजवरची ‘फिरोझ आरा’ही त्यांची. बाहेरून म्हात्रे फार नटवत नाहीत. त्यांचं कौशल्य आत, नकाशात आहे: कुठल्या दारातून कुठली खोली दिसू नये, वारा कुठून शिरून कुठून निघावा, जिन्यावर उजेड कसा पडावा. कमू अय्यर यांनी 2000 साली त्यांच्या कामावर पुस्तक काढलं, तोवर त्यांचं नाव वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांपलीकडे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांच्या घरांत पिढ्या राहिल्या आणि बांधणाऱ्याचं नाव त्यांनी विचारलं नाही. आपल्याकडे इमारतीला मालकाच्या आजीचं नाव देतात, वास्तुशिल्पीचं कधीच नाही.

वाऱ्याची काळजी मुंबईतही भीतीतूनच आली होती. फक्त इथे हिवतापाच्या जागी प्लेग. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि खोलीत उजेड-वारा किती यावा याचा नियमच झाला: खिडकीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ ओढली तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून जास्त चढी नको. अंश ऐकून घाबरायला नको. हिशेब सोपा आहे, समोरची इमारत जितकी उंच त्याच्या निम्मं अंतर मध्ये मोकळं सोडायचं. प्लेग उंदरांच्या पिसवांतून येतो हे तोवर सगळ्यांना पटलेलं नव्हतं. इथेही निदान चुकीचं आणि घर बरोबर. दादर, माटुंगा, हिंदू कॉलनी हे सगळं या ट्रस्टच्या आखणीतलं. समुद्रकाठच्या श्रीमंती घराची मध्यमवर्गी आवृत्ती तिथे निघाली, आणि मराठी माणूस फ्लॅटमध्ये राहायला शिकला तो मरीन ड्राइव्हवर नव्हे, दादरला.

शिकला म्हणतो ते मुद्दाम. अनेक बिऱ्हाडं एका छपराखाली म्हणजे चाळ, अशीच तेव्हाची समज. न्यूयॉर्कमध्ये अगदी हीच अडचण आली होती. 1884 मध्ये तिथे डकोटा नावाची आलिशान इमारत पुरी झाली, तेव्हा पैसेवाल्यांना प्रश्न पडला होता की गरिबांसारखं एका जिन्यावर राहायचं कसं. मग त्यांना उंच छतं, जाड भिंती, लिफ्ट, खालचं भोजनगृह असं सगळं देऊन राजी करण्यात आलं. आज तिथले दलाल जाहिरातीत ‘प्री-वॉर’, म्हणजे दुसऱ्या महायुद्धापूर्वीचं, एवढा एकच शब्द घालतात आणि भाव वाढतो. मुंबईत ही शंका फेडणारा शब्द होता ‘ब्लॉक’. ‘त्यांनी ब्लॉक घेतला’ या वाक्यात जुन्या पिढीला जे काही ऐकू यायचं ते थोडक्यात असं: यांचा संडास घरात आहे.

चाळ आणि ब्लॉक यांतली सीमा ती एवढीच, आणि ती ओलांडणं सोपं नव्हतं. सोवळ्या-ओवळ्याच्या घरात संडास आत घ्यायचा म्हणजे तो साफ करणारा माणूसही आत घ्यायचा, आणि तेच नको होतं. म्हणून न्हाणीघराला दुसरं दार आलं. कॅम्पातल्या बंगल्यात ते मागच्या अंगणात उघडायचं. भिस्ती पाणी घेऊन आणि सफाईवाला टोपली घेऊन तिथूनच येई-जाई. मुंबईत पाचव्या मजल्यावर अंगण कुठून आणणार? तर इमारतीच्या मागे लोखंडी किंवा काँक्रीटचा गोल, अरुंद जिना चढवला, प्रत्येक मजल्याच्या मोरीला भेटणारा. पुढे संगमरवरी पायऱ्या आणि जाळीची लिफ्ट, मागे हा जिना. रस्त्यावरून तो दिसत नाही. मरीन ड्राइव्हचे फोटो आपण हजार पाहिले असतील, पण मागच्या गल्लीत उभं राहून काढलेला एकही आठवत नाही. पंख्याच्या दोरीचं भोक आणि हा जिना ही मला एकाच घराची दोन रूपं वाटतात. आराम पुढच्या खोलीत, आणि त्याचं यंत्र माणूस होऊन मागच्या दारी. ही घरं आज बांधता येत नाहीत याची कारणं सांगताना लोक सागवान महाग झालं, कारागीर उरले नाहीत असं म्हणतात. ते खरंच आहे. पण इतकी मोठी घरं चालवायला जितके हात लागत तेवढे स्वस्तात मिळेनासे झाले, हे कारण कुणी फारसं सांगत नाही.

मुंबईच्या या इमारतीही कागदाच्या गाठीनंच टिकल्या. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली. समुद्रासमोरच्या तीन खोल्यांचं भाडं मग किराणा बिलाहूनही कमी झालं. भाडेकरू हलेना, मालकाला दुरुस्ती परवडेना, पाडणं त्याहून कठीण. पगडीचे व्यवहार चालले, भिंतींना पोपडे धरले, इमारत मात्र राहिली. अखेर 30 जून 2018 रोजी ओव्हलच्या पूर्वेच्या गॉथिक आणि पश्चिमेच्या व मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींना मिळून जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. एका मैदानाच्या एका बाजूला 1870 च्या दशकातली विद्यापीठाची आणि उच्च न्यायालयाची शिखरं, दुसऱ्या बाजूला 1930 च्या दशकातल्या गोल बाल्कन्या, मध्ये क्रिकेट. साठ वर्षांचं अंतर चालत दोन मिनिटांत कापता येतं.

टिकण्याच्या बाबतीत मात्र कॅम्पाची घरं वरचढ आहेत, आणि यात समुद्राचा दोष आहे. काँक्रीटमधली सळई खाऱ्या हवेत गंजते. गंजलेलं लोखंड फुगतं, फुगलं की वरचं काँक्रीट फोडून बाहेर डोकावतं, मग आणखी पाणी आत जातं. 1930 च्या दशकात सळईवर किती जाडीचं काँक्रीट हवं याचा अंदाज फारसा नव्हता. जांभा आणि चुना यांना ही भानगड ठाऊक नाही. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीनं तासता येतो, आणि हवा लागेल तसा कडक होतो. तो सच्छिद्र आहे, पावसात पाणी पितो. चुन्याचा गिलावाही तसाच, त्यामुळे पावसाळा संपला की प्यालेलं पाणी भिंत पुन्हा हवेत सोडून देते.

मग माणूस मदतीला येतो. माझ्या ओळखीच्या त्या बंगल्यात काही वर्षांपूर्वी ओल आली म्हणून कुणाच्या तरी सल्ल्यानं चुना खरवडून सिमेंटचा गिलावा केला. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात ओल कमरेच्या उंचीवरून खांद्यापर्यंत चढली. सिमेंटनं भिंतीचं तोंड बांधलं होतं. जमिनीतून आणि कौलाच्या कडेनं शिरलेलं पाणी बाहेर पडायची वाट शोधत वर वर सरकत होतं. गेल्या वर्षी ते सिमेंट काढायचं ठरलं. चुन्यात काम करणारा गवंडी बेळगावात मिळेना, तो खानापूरकडून आणला. म्हातारा मिस्त्री आणि त्याचा नातू. महिनाभर चुना भिजत घातला होता, अंगणात त्याचा गार, ओला वास. मिस्त्री भिंतीवर पंजा ठेवायचा, थोडा वेळ तसाच थांबायचा आणि मगच थापी उचलायचा.

दिवाणखान्याची भिंत झाली तेव्हा मी तिथेच चहाला बसलो होतो. शिडीवरून मिस्त्रीनं खाली विचारलं, “काकू, हे वरचं भोक बुजवून टाकू काय?”

काकूंनी चष्मा सारून वर पाहिलं.

“असू दे की. केबल कुठनं येणार मग?”